वैशालीचा दहावा

मग तूच सांग प्रिती, भरवसा ठेवायचा कोणावर — मिरचीच्या रंगावर की वासावर? रंगावर? फसलीस! अगं, जरा तेल चोळलं की म्हातारी मिरचीसुद्धा नवरीसारखी लाल दिसते. वास बघायचा, देठ बघायचा, मिरची कानाशी धरून हलवायची — बिया वाजल्या तर माल सुका. मी सातवी नापास माणूस, पण लालबागेत चाळीस वर्षं बेडगी आणि संकेश्वरी डोळे मिटून ओळखतोय. ये, स्टुलावर बस. तिकडे नको, तिकडे मसाला कुटायचं मशीन आहे. मागे एक परळची मास्तरीण तिथे उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत शिंकत होती. डॉक्टरकडे गेली, तर डॉक्टर म्हणतो, औषध नंतर देतो, आधी मसाल्याच्या दुकानाचा पत्ता द्या! हसलीस ना? चहा सांगू? नको? चहाला नाही म्हणतेस म्हणजे मिरची घ्यायला आलेली नाहीस. मंडळाने पाठवलंय. काखेत भेटींच्या नोंदींची वहीसुद्धा आहे.

रामदासच्या घरचंच ना? वाटलंच मला.

त्याचं काय विचारायचंय — गेलो, बसलो, दहाही दिवस गेलो. तू मंडळात येऊन सहा महिने झाले, मला सात वर्षं. कोणी अचानक गेलं — खून म्हण, अपघात म्हण — की चौकीतून नाहीतर वॉर्डातून फोन येतो आणि आपण त्या घरच्यांजवळ जाऊन बसतो. बसतो म्हणजे काय करतो? तुम्ही शिकलेली मंडळी म्हणता, धीर देतो. मी चपला देतो. खरंच! पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं, फोन आला की माणूस घरातून अनवाणी धावतो. मग दोन-दोन तास हॉस्पिटलच्या थंडगार लादीवर उभा. तेव्हापासून माझ्या पिशवीत रबरी चपलांचे चार जोड असतात, सात नंबर, आठ नंबर, बायकांचे वेगळे. शीवला एका आजोबांच्या पायात चपला सरकवल्या तर तोवर एक अश्रू न आलेला माणूस ढसाढसा रडला. हे मला कोणी शिकवलं? माझ्याच पायांनी शिकवलं. अभय गेला तेव्हा मी आणि आई तसेच उभे होतो, अनवाणी, आणि जवळ कुणी कुत्रंसुद्धा आलं नाही.

अभय माहीत नाही तुला? माझा धाकटा भाऊ. आठ वर्षं झाली. परळच्या एका टॉवरात मसाल्याची ऑर्डर पोचवायला गेला, खांद्यावर वीस किलोचं पोतं. सामानाच्या लिफ्टचं दार उघडलं — लिफ्ट नव्हतीच तिथे. नुसता काळोख. पाऊल टाकलं आणि तळघराचे चार मजले खाली. आणि त्या इमारतीचा मॅनेजर पोलिसांना काय म्हणाला ठाऊक आहे? "पोराच्या तोंडाला दारूचा वास येत होता साहेब, दार त्यानेच ओढून उघडलं." अभयच्या! सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणाऱ्या अभयच्या! पुढे रिपोर्ट आला, काही निघालं नाही त्यात, पण रिपोर्ट राहतो कपाटात आणि बातमी राहते चाळीत. आईने हळदीकुंकवाला जाणं सोडलं. नळावर बायका म्हणायच्या, लोक म्हणतात ते काहीतरी बघूनच म्हणतात. दार बिघडलेलं होतं याची नोंद कुठेच झाली नाही, मॅनेजर तिथेच राहिला.

हो. तोच रामदास. आता पेन खाली ठेव आणि ऐक.

अभयच्या दहाव्याला आम्ही बाणगंगेवर. पिंड ठेवला, कावळा समोर भिंतीवर बसलेला, पण शिवेना. मामा म्हणाले, आईला सांभाळू रे. नाही. कोणी म्हणालं, दुकान चालू ठेवू. नाही. ऊन चढायला लागलं. शेवटी मी हात जोडले आणि मनातल्या मनात बोललो — ज्याने तुला दारुडा केलं त्याच्याच तोंडून, चार माणसांत, खरं वदवीन. आणि बघ हं, मी देवभोळा माणूस नाही, गुरुवारीसुद्धा दुकान बंद ठेवत नाही — पण शब्द पुरा व्हायच्या आत कावळा खाली. आता सांग, असा शब्द मोडता येतो? जिवंत माणसाला दिलेला मोडता येतो एक वेळ.

तर गेल्या महिन्यात दुपारी फोन आला. कॉटन ग्रीनला टँकरने मुलगी उडवली, बावीस वर्षांची, वैशाली, बाप कॅज्युअल्टीत एकटा आहे. गेलो. बघतो तर भिंतीला टेकून हा — अनवाणी. मी ओळखलं, त्याने नाही ओळखलं. माझे केस गेलेत, आणि त्याला तेव्हा तरी कुठे माझ्या तोंडाकडे बघायला सवड होती? आपला नियम मला माहीत आहे — घरच्यांशी वाकडं असेल तर बाजूला व्हायचं, दुसऱ्याला बोलवायचं. माझ्याबरोबर मंडळातला मनू होता. मनूला म्हटलं, तू जा रे, मी बघतो. आणि वाकून त्याच्या पायात चपला घातल्या. मी. माझ्या हाताने. नऊ नंबर लागत होता, टाचा बाहेर येत होत्या.

हवालदाराने विचारलं, मुलगी फोनवर बोलत चालली होती काय, टँकरवाला तसं सांगतोय. हा माझा हात धरून म्हणतो, "नाही हो, आमची वैशू तशी नव्हती, तुम्ही तरी सांगा यांना." इथे काय करायचं असतं? काही नाही. पाठीवर हात ठेवायचा. मी म्हटलं, "लोक म्हणतात ते काहीतरी बघूनच म्हणतात." — बघ, बघ, तुझं तोंड कसं झालं! त्याचंही तसंच झालं. आणि मला खरं सांगू, आठ वर्षांत त्या रात्री पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

पुढे रोज गेलो. पिठलं-भात नेला, दाखल्याच्या रांगेत उभा राहिलो. त्याची बायको चंपाबाई मला भाऊ म्हणायला लागली. मी दिवस मोजत होतो. दहावा यायची वाट बघत होतो.

तुला एक धंद्यातली गोष्ट सांगतो. गच्चीवर मसाल्याचं खोबरं वाळत घातलं की कावळे पळवतात. दगड मारून उपयोग नाही. काळं फडकं घ्यायचं आणि जरा फडफडवायचं — कावळ्याला वाटतं आपल्यातलाच कोणी मेलाय. ओरडतो, घिरट्या घालतो, पण खाली उतरत नाही. तर बाणगंगेवर मी चंपाबाईंच्या मागे उभा होतो, हातात काळी पिशवी. रिकामी.

तेच सांगितलं ना चंपाबाईंनी मंडळाला फोनवर? भाऊंच्या हातातली पिशवी हलत होती म्हणून? हलत होती. वारा नव्हता.

धाकटीच्या लग्नाचं बोलून झालं, तिला शिकवू म्हणून झालं, टँकरवाल्याला सोडणार नाही म्हणून झालं. चंपाबाई पिंडासमोर डोकं टेकून म्हणत होत्या, ये ग बाय, काय हवंय तुला, आई देते. मी थांबलो. अजून थांबलो. मग रामदासच्या कानाशी वाकलो. "मी अभयचा भाऊ. तिला काय हवंय ते तुला ठाऊक आहे." त्याने मान वळवून बघितलं माझ्याकडे — तेव्हा ओळखलं. मग उठला आणि भटजींसकट वीस माणसांत मोठ्याने बोलला, "तो पोरगा प्यायलेला नव्हता. दार तीन दिवस बिघडलेलं होतं, मला माहीत होतं. मी खोटं बोललो." मी पिशवी घडी करून खिशात घातली. कावळा लगेच उतरला.

नाही, पश्चात्ताप नाही मला! परत वेळ आली तर परत करीन, लिही तसं. आठ वर्षं माझी आई खालमानेने नळावर गेली, ते कोणाच्या वहीत आहे? कोण आलं होतं तिच्याजवळ बसायला?

पेढे घेऊन गेलो घरी. हो, पेढे. म्हटलं आई, संपलं, वीस माणसांत बोलला तो, अभय सुटला. तिला सगळं सांगितलं, पिशवीचंसुद्धा — म्हटलं, हसेल. ऐंशी वर्षांची बाई, कानाने कमी. तिने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. रामदास काय बोलला ते विचारलं नाही, कोण कोण होतं ते विचारलं नाही. म्हणाली, "मेल्या, त्या चेडवाक किती येळ उपाशी ठेवलंस?"

चेडू म्हणजे पोरगी, आमच्या मालवणीत. बस. एवढंच. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, बोलत नाही.

दे ती वही इकडे. हे बघ, दहाव्याच्या दिवशी माझ्याच अक्षरात — किती वेळ दिला, तर पाऊण तास. खोटं आहे ते. मी घड्याळ लावून उभा होतो, पावणेदोन तास. खोड आणि लिही. आणि 'काय दिलं' म्हणून रकाना आहे ना, तिथे मी 'सोबत' लिहिलंय. तेही खोड. तिथे काय लिहायचं ते चंपाबाईंना विचार, त्या सांगतील तेच लिही. मला वाचून दाखवू नकोस. पुन्हा येऊही नकोस, मंडळाला काय करायचं ते करू दे. जा आता, गिऱ्हाईक उभं आहे. आणि हे बघ, काका बरा माणूस आहे म्हणून त्यातलं एक मिनिटसुद्धा कमी करू नकोस. बरोबर लिही.