बापाचा वाटा

इलोइलो शहरात आमच्या बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीत मी दाखल्यासाठी बसलो होतो. पुढच्या बाकावर ट्रायसिकल-रिक्षा चालवणारा एफ्रेन आणि त्याच्यापासून वेगळी राहणारी त्याची बायको विल्मा बसली होती. मुलीच्या, निनिंगच्या खर्चाचं ठरवायला दोघं आली होती.

“महिन्याला पाच हजार पेसो देईन,” एफ्रेन म्हणाला.

“कुठून देशील? गाडीचा हप्ता कोण भरणार? माझी बेकरी बरी चालतेय, तू तीन दे.”

“तीन? लोक म्हणतील, बापानं हात आखडला!”

“लोक तिची फी भरतात का? पोरीची गरज बघायची, तशी देणाऱ्याची ऐपतही बघायची असते.”

“माझी ऐपत काढू नकोस.”

“काढणारच! दुपारी नुसता पाव खाऊन गाडी हाकतोस. निनिंगनं सांगितलंय मला.”

“चहाडखोर कार्टी! बरं, चार.”

“तीनच. शिवाय रोज तिला शाळेत सोडतोस, त्याचं भाडं तुझ्या वाट्यात धरू.”

“पोरीकडून भाडं घेऊ? वेडी आहेस का?”

आतून कारकूनबाई आल्या. “काय आरडाओरडा चाललाय? कमी कोण देतंय?”

“कमी नाही हो बाई, हा जास्त देतोय! समजवा जरा.”

बाईंना हसू आवरेना. “मग मी लिहू किती?”

“तीन,” विल्मा म्हणाली.

“लिहा तीन,” एफ्रेन म्हणाला. “वरचे मी हिला न विचारता देईन.”