अर्धा सूर खाली

लेक: टेबलावर कोपर टेकवू नका, बाबा. ते हवेवर तरंगतंय.

बाबा: हे? एवढं लोखंडी धूड?

लेक: खालून हवेचा दाब दिलाय. जिन्यात कुणी धाडकन पाय आपटला तरी माझी सुई पेशीवरून निसटते. मग दोन तासांचं काम पाण्यात.

बाबा: बरं. हात मागे बांधून उभा राहतो, शिक्षा झाल्यासारखा. पण बेबी, मी काय म्हणतो...

लेक: इथे बेबी म्हणू नका. बाहेर माझे विद्यार्थी बसलेत.

बाबा: काल मला फरशीवरून उचललंस तेव्हा चालत होतं की बेबी.

लेक: काल तुमच्या गोळ्या बंद करून सहा दिवस झाले होते. गॅस चालू होता, दूध जळून भांडं काळं पडलं होतं आणि तुम्ही जमिनीवर. यात चेष्टा करण्यासारखं काय आहे?

बाबा: काही नाही. म्हणून तर निमूट आलो तुझ्याबरोबर. दाखव, काय दाखवायचंय ते.

लेक: दाखवायचं नाही, ऐकवायचंय. स्पीकर लावते.

बाबा: टक... टक... कोण वाजवतंय?

लेक: एक पेशी. उंदराच्या मेंदूची पातळ चकती आहे या बशीत. तिच्यातल्या एकीला सुई लावलीय.

बाबा: बाकीचा उंदीर नसताना?

लेक: खारं पाणी, थोडी साखर, प्राणवायूचे बुडबुडे. एवढ्यावर चार-पाच तास जगते.

बाबा: आणि ही टकटक कशाची?

लेक: पेशीच्या अंगाला बारीक बारीक दारं असतात. काही दारं शेजारच्या पेशीने सोडलेलं रसायन येऊन चिकटलं की उघडतात, काही विजेने. विजेचं दार उघडलं की बाहेरच्या पाण्यातलं सोडियम आत घुसतं आणि पेशी एकदा वाजते. डोळ्याचं पातं लवायच्या आत दार बंद. मग ते जरा दम खातं. त्याशिवाय पुन्हा उघडत नाही.

बाबा: माझ्या डोक्यातही हेच?

लेक: अब्जावधी पेशी, रात्रंदिवस.

बाबा: आणि मला कधी ऐकू आलं नाही. उभा जन्म कान लावून बसलोय जगाला.

लेक: आता हिला डिवचते, हं.

बाबा: अगं, सुटलीच ती. थांबव. थांबव तिला.

लेक: थांबवलं. अशा लाखो पेशी एकदम सुटल्या की झटका येतो. काल तुम्हाला हेच झालं.

बाबा: आतून असं नसतं गं. आतून फार शांत असतं. खोली लांब लांब जाते, भिंती मऊ होतात. वाटतं, आपण इथे पूर्वी येऊन गेलोय, कुणाबरोबर ते तेवढं आठवत नाही. आत्ता आठवेल, आत्ता आठवेल म्हणेपर्यंत फरशी.

लेक: हे डॉक्टरांना सांगितलंत?

बाबा: किती वेळा येतो ते विचारलं त्यांनी. कसा असतो ते कुठे विचारलं?

लेक: आता तुमचं औषध सोडते पाण्यात. तेच, तुमच्या गोळीतलं. दोन-तीन मिनिटं लागतील.

(दोघे थांबतात. बुडबुड्यांचा आवाज. मधूनमधून टक, टक.)

बाबा: काही फरक नाही.

लेक: नक्की?

बाबा: माझ्या कानाला विचारतेस? तेवढ्याच अंतराने, तेवढ्याच जोराने. मला वाटलं मुकी होईल.

लेक: आता परत डिवचते.

बाबा: पाच, सहा, सात... सातवर थांबली. आणि आता बघ, पुन्हा आपली टक... टक... जसं काही झालंच नाही.

लेक: औषध दाराला कुलूप घालत नाही, बाबा. दार दम खात असतं ना, तेव्हा त्याला थोडं जास्त वेळ धरून ठेवतं. सावकाश वाजणारीला त्याचा पत्ताही लागत नाही. धावत सुटलेलीला मात्र उघडी दारंच मिळत नाहीत. तुम्ही म्हणालात ना, गोळी डोकं विझवते म्हणून?

बाबा: विझवते नाही म्हणालो. खाली आणते म्हणालो.

लेक: खाली म्हणजे?

बाबा: खरंच खाली. गोळ्या सुरू केल्या त्याच्या चौथ्या दिवशी लिफ्टची घंटा अर्ध्या सुराने खाली वाजली. म्हटलं, जुनी झाली असेल. मग दाराची बेल. मग शेजाऱ्यांचा कुत्रा. कुत्रा कसा एकाएकी उतरेल? सगळं गाव रातोरात तळ्याखाली गेलं होतं, आणि माणसं आपली छत्र्या घेऊन कामाला निघाली होती.

लेक: मला का नाही सांगितलंत?

बाबा: काय सांगू? चाळीस वर्षं पियानो लावणारा माणूस मी. शाळेतल्या पियानोची पट्टी दाबली, खाली वाटली. चढवली. सगळा पियानो चढवत गेलो. तीन तारा तुटल्या तेव्हा संगीताच्या बाई धावत आल्या. नादकाटा खिशातच होता, पण तो काढायची मला कधी गरजच पडली नव्हती.

लेक: या औषधाने होतं असं. क्वचित. सूर कानावर पडताक्षणी ओळखणाऱ्यांच्याच ते लक्षात येतं, बाकीचे मजेत असतात. का होतं, ते आम्हालाही धड माहीत नाही.

बाबा: म्हणजे कान गेला नाही माझा?

लेक: नाही गेला. आणि नादकाट्यावर लावा ना. काटाही तुम्हाला तेवढाच खाली ऐकू येणार. दोघं जुळले की झालं.

बाबा: तसेच लावले पुढचे चार. एकाचीही तक्रार नाही.

लेक: थांबा. मग काम तर अडलं नव्हतं. गोळ्या कशासाठी सोडल्यात?

बाबा: ती अजून वाजतेय बघ.

लेक: बाबा.

बाबा: तू रोज संध्याकाळी फोन करतेस.

लेक: बरं, मग?

बाबा: समोर असलीस की तुझं तोंड दिसतं, तेव्हा तू तूच असतेस. फोनवर नुसता आवाज. तुझ्या आईचा आवाज तुझ्यापेक्षा बरोबर अर्ध्या सुराने खाली होता. बाकी ठेक्यासकट सगळं सारखं. ती जाऊन दोन वर्षं होत आली, आणि मागच्या महिन्यात एका संध्याकाळी फोन उचलला तर ती विचारतेय, जेवलात का.

लेक: तुम्ही काय म्हणालात?

बाबा: हो म्हणालो आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत तीच, मग रोजच. मला सोसेना. मुलीला फोन करू नकोस म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा गोळी सोडली. चार दिवसांत तू परत तू झालीस.

लेक: मला वाटलं, माझ्यावर चिडलाय. इतक्या घाईने ठेवायचात.

बाबा: चिडलो नव्हतो. घाबरलो होतो.

लेक: मीही काल घाबरले. दार उघडलं आणि तुम्ही खाली पडलेले. बाबा, आई गेली तेव्हा मला तुम्ही होतात. तुम्ही गेलात तर मला कोण आहे? गोळी घ्या. डॉक्टरांनी आजपासून पुन्हा सुरू करायला सांगितलीय. हवं तर मी फोन करणार नाही, रोज येऊन जाईन.

बाबा: रडू नकोस. तुझे विद्यार्थी आहेत ना बाहेर. आण ती गोळी. आणि ते पाणी दे.

लेक: ते नको, ते पेशींचं आहे. ही बाटली घ्या.

बाबा: हं. घेतली.

लेक: तीन-चार दिवसांत परत सगळं उतरेल. पण दुसरं एक औषध आहे, त्याने बहुतेक सूर हलणार नाही. डॉक्टरांना विचारू का बदलून?

बाबा: नको.

लेक: नको?

बाबा: हेच राहू दे.

लेक: बरं. मग रविवारी येते घरी.

बाबा: ये. पण निघताना फोन कर.

लेक: काय बोलू फोनवर?

बाबा: काही नाही. येताना काय आणू, एवढंच विचार.