कूलरच्या पंपाची जागा

हसाल तुम्ही, पण कूलरचा पंप कुठे बसवावा यावरून मी हायकोर्टापर्यंत जाऊन आलोय. जयपूरची धूळ पाण्याच्या तळाशी बसते आणि पंप चोंदतो. म्हणून विद्याधर नगरच्या माझ्या कारखान्यात तो चार बोटं वर, बाहेरून हात जाईल अशा कोपऱ्यात बसवतात.

एका बड्या कंपनीने हाच आपला शोध म्हणून पेटंट मागितलं. यात शोध कसला, हे कुणालाही सुचेल, या माझ्या हरकतीवर ते नाकारलं गेलं, तर कंपनी अपिलात गेली. ती जिंकली असती तर माझ्या कारखान्याला टाळंच.

कंपनीच्या वकिलाने मला विचारलं, "सेठजी, शिक्षण किती?"

"दहावी. तीही दुसऱ्या खेपेला."

तो न्यायाधीशांकडे वळला. "हुजूर, आमच्या बारा इंजिनिअरांना ही जागा सापडायला तीन वर्षं लागली. आणि हे म्हणतात, कुणालाही सुचेल!"

न्यायाधीश मला म्हणाले, "बोला, त्यांना एवढा वेळ का लागला?"

मी हात जोडले. "हुजूर, मला दर रविवारी घरचा कूलर धुवावा लागतो. त्यांच्या ऑफिसात एसी आहे."

अपील तिथेच आडवं झालं. तेवढंच लिहायला कोर्टाला मात्र चाळीस पानं लागली.