मधला मजला

डॉर्चेस्टरच्या लाँड्रीत ड्रायरसाठी रांग होती. माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. योलेट तीन बिऱ्हाडांच्या घरात मधल्या मजल्यावर भाड्यानं राहणारी, आणि बियात्रिस तिची जुनी शेजारीण.

“काय गं योलेट, तुमचं घर विकलं म्हणे?”

“विकलं, आणि तेही माझ्या भोपळ्याच्या सुपावर! अकरा वर्षं मालक माझ्या स्वयंपाकाच्या वासावरून ओरडायचा. घर बघायला गिऱ्हाइकं यायची होती त्या रविवारी मात्र स्वतः भोपळा घेऊन दारात. म्हणे, ‘मादाम, तुमचं हैतीचं सूप रटरटू दे. जाहिरातीत लिहिलंय, इथे जगभरची माणसं राहतात.’”

“आणि तू केलंस?”

“केलं की! घर घेणारी बाई दोन वाडगे प्यायली. म्हणाली, ‘आम्हाला अशाच वस्तीत राहायचं होतं.’ मग विचारलं, ‘हा मजला रिकामा कधी होईल?’”

“अगं बाई! मग?”

“मी म्हटलं, करते रिकामा, पण सूप कोण करणार? तर म्हणाली, ‘मला जमेपर्यंत राहा.’”

“जमलं का तिला?”

“दुसरा महिना चाललाय. अजून आम्ही भोपळाच सोलतोय.”