उशिरा उमटलेलं वाक्य

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ताई, आणि माझ्या सहकारी मंडळींनो,

ताईंनी मला दम भरलाय, "कौतुक करायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही." तेव्हा मी फक्त घडलेलं सांगते.

पाहुण्यांना माहीत नसेल, आमचं सॉफ्टवेअर आवाज गेलेल्यांसाठी आहे. त्यांनी टाइप करायचं, कॉम्प्युटरनं बोलायचं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर ते चालायला हवं होतं. मग ते लिहायचं कुठल्या प्रोग्रामिंग भाषेत? यावरून ताई आणि आमचे 'वकील' यांची रोज जुंपायची. वकील म्हणजे आमचे सर्वांत जुने प्रोग्रामर. वादात कुणाला ऐकायचे नाहीत, म्हणून हे नाव.

ताई म्हणायच्या, "जावास्क्रिप्ट घेऊ. एकदा लिहिलं की तिन्हीकडे चालेल."

वकील म्हणायचे, "सी प्लस प्लस! कष्ट पडतील, पण जुन्या मशीनवरही झटकन बोलेल. आजाऱ्याच्या घरी नवा कॉम्प्युटर असतो का?"

ताई प्रमुख. जावास्क्रिप्ट ठरली. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच ते पटलं होतं.

पुढे वकिलांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाज जाणार होता, म्हणून ताईंनी तो आधीच रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरमध्ये घातला. ते कामावर परतले ते आपला जुना लॅपटॉप आणि आमचंच सॉफ्टवेअर घेऊन. वकील टाइप करायचे, मशीन घुटमळायचं, उत्तर येईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. ज्यांच्यापुढे आमची बोलायची टाप नव्हती, ते हळूहळू टाइप करायचंच सोडायला लागले.

एका दुपारी मीटिंग आटोपली. वकिलांनी काहीतरी टाइप केलं, वाट पाहिली, हात झटकला आणि लॅपटॉप तसाच सोडून घरी गेले. ताई आणि मी टेबल आवरत होतो. तेवढ्यात रिकाम्या खुर्चीपुढून त्यांचा आवाज आला. अगदी त्यांचाच, ठणठणीत.

"ताई, थांबा जरा. माझं बोलून व्हायचंय."

ताई जिन्यापर्यंत धावल्या. खाली कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून फोन आला. वकील रात्री घरी कोसळले, ते शुद्धीवर आलेच नाहीत. त्यांना काय बोलायचं होतं, ते त्यांच्या पत्नीलाही ठाऊक नाही.

ते गेल्यावर ताईंनी आम्हाला बोलावलं. "सी प्लस प्लस. पुन्हा पहिल्यापासून."

कुणीतरी म्हणालं, "अहो, पण हे चालतंय की!"

"चालतंय. पण माणूस उठून गेल्यावर बोलतंय."

नवं सॉफ्टवेअर तयार झालं, तेव्हा आवाज गेलेल्या बायकोसाठी ते नेलेल्या एका गृहस्थांचा फोन आला. ताईंनी तो स्पीकरवर लावला. मला वाटलं, तक्रार असणार. म्हणाले, "अहो, आज बायकोनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही! मधेच तोडलं!" आणि हसता हसता रडायला लागले. ताईंनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

नव्या मंडळींना वाटतं, मीटिंग संपली तरी ताई उठत का नाहीत? त्या ऐकत असतात. मीही आता ऐकते. खोलीत काही नसतं, तरी आम्ही दोघी दिवा लगेच मालवत नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि ताई, रडू नका म्हणालात, तेवढं मात्र जमलं नाही.