एकशे बारावं कॉलेज

एश्बॉर्नहून फ्रँकफर्टला जाणाऱ्या एस-बान लोकलमध्ये माझ्या मागच्या सीटवर सासरे-जावई बसले होते. बाहेर नुसतं धुकं होतं.

"क्षितिजराव, कसली एवढी तंद्री लागलीये लॅपटॉपमध्ये?"

"अमेरिकन कॉलेज फुटबॉल, बाबा. यंदा कोणती टीम कितवी येईल, त्याचं मॉडेल केलंय."

"कशावरून ठरवता?"

"दोनच गोष्टी. टीम मागची पाच वर्षं कशी खेळली, आणि यंदा भरती केलेली पोरं किती गुणी आहेत."

"म्हणजे घराणं आणि मुलगा! देवश्रीला स्थळं आली, तेव्हा मी वहीत असेच गुण मांडले होते. एका पानावर एक स्थळ, पहिल्या नंबरापासून."

"गेनाऊ! तसंच."

"तुमचं कॉलेज कितवं?"

"एकशे बारावं. रोज उघडून बघतो, जरा वर सरकलंय का."

"मग दुसरी टीम धरा की."

"तिथे शिकलोय, बाबा. बर्फात उभं राहून ओरडलोय त्यांच्यासाठी."

"हं."

"तुमच्या वहीत मी कितवा होतो?"

"शेवटचा."

"काय सांगता! मग?"

"मग काय. देवश्रीने वही शेवटच्या पानापासून वाचायला घेतली. पहिल्या पानापर्यंत ती अजून पोचलेली नाही."