फोन जुन्याच घरी राहिला

नवं इंटरनेट चालू झाल्याशिवाय जुनं तोडणार नाही म्हणतोस, ते ठीक आहे. नव्वदच्या दशकात कर्जतला भाड्याचं घर बदलताना मीही लाइनमनला फोनचं हेच सांगितलं होतं. तो म्हणाला, "साहेब, नव्या घरी वायर आधी ओढतो, मग इथली कापतो. फोन बंद राहनारच न्हाई."

वायर ओढून झाली. जुनी कापायला तो खांबावर चढला, तर खाली शेजारच्या पार्वतीमावशी उभ्या. गल्लीत फोन माझा एकट्याचा. सगळ्यांनी पाहुण्यांना माझाच नंबर पीपी म्हणून दिलेला. फोन आला की आम्ही हाका मारत सुटायचं.

"आवो, लेक सासरीच बाळंत हुनार हाय. जावयाचा फोन कुटं यायचा? येवढं हुऊ द्या."

म्हटलं, होऊ द्या. नात झाली. मग कुणाच्या पोराला नोकरीचं बोलावणं येणार होतं, मग कुणाची सोयरीक जुळत आली होती. कुणाकुणाला नाही म्हणायचं? आम्ही नव्या घरी, फोन जुन्या घरी. घरमालकानं किल्लीसुद्धा मावशींच्याच हातात दिलेली.

एक दिवस नाशिकहून बहीण आली ती फणफणतच.

"तुझ्या नंबरवर फोन केला, तर कुणी बाई मलाच रागावल्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्यांचा हा पीपी नंबर हाय. लई लांब राहत्यात ते. सारका फोन करू नका."